रबरी हात

चार नंबरच्या खाटेवरच्या आजींना दोनदा टोचूनही वर्षालीला शीर सापडली नाही. ट्रेनिंगमधल्या रबरी हातावर तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. पण तो हात कधी "आई गं" म्हणाला नव्हता.

इनचार्ज घोरपडे सिस्टरांनी तिला ड्रेसिंगच्या खोलीत नेऊन दार लावलं. आता आपली काही धडगत नाही, वर्षालीला वाटलं. सिस्टर मात्र स्टुलावर बसल्या आणि त्यांनी आपलाच हात पुढे केला.

"या वॉर्डात नवी मुलगी आधी माझ्यावर शिकते. घे रक्त."

वर्षालीने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. शीर कुठून जाते ते पुस्तकातल्या चित्रावरून तिला ठाऊक होतं. पण शीर बोटाने चाचपून शोधायची आणि माणसाला बोलतं ठेवायचं, हे डबा खाताना वॉर्डातल्या जुन्या नर्स रोझीताईने सांगितलं होतं.

"सिस्टर, तुमचं गाव कुठलं?"

"कोरेगाव," सिस्टर घाईघाईने म्हणाल्या. "स्टेशनाजवळ आमचं घर, मागे आल्याचं शेत..." बोटाखाली काहीतरी मऊसर उसळलं. सुई आत गेली, नळीत रक्त चढलं.

वर्षालीने मान वर केली. अख्ख्या वॉर्डाला धाकात ठेवणाऱ्या सिस्टरांनी डोळे घट्ट मिटून स्टुलाची कड धरली होती.

"मला सुईची फार भीती वाटते गं. टोच एकदाची!"

"झालंसुद्धा, सिस्टर," सुई काढून कापूस दाबत वर्षाली हसली.

सिस्टरांनी एक डोळा उघडला. "मग इथे काय करतेस? आजी वाट बघतायत."