नाव बाद

"वय अठ्ठावन्न," रेश्मा मॅडम आधार कार्ड बघत म्हणाल्या. "साठीच्या आतलं नाव काढता येत नाही, आबा."

"त्ये आधार खोटं हाय," तात्याबा म्हणाले. "क्यांपवाल्यानं समद्या बायांचा जन्म अंदाजानं येक जानेवारीचा लावला, सालबी चुकीचं. ह्यो शाळंचा दाखला बघा. एकसष्ट भरत्यात."

त्यांची बायको सारजा शेजारी गप्प उभी होती. इंदापूरच्या या केंद्रात पाऊल टाकायच्या आधीच त्यांनी तिला बजावलं होतं, काम होईस्तोवर तोंड उघडायचं न्हाय.

मागं एका पिक्चरचे तीन भाग आले तेव्हा भिगवणच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या. दरवर्षी शहरातला एक माणूस लोखंडी दारातून आत न्यायचा, तो परत येत नाही, अशी ती गोष्ट. चौथा भाग आलाच नाही. थेट तसाच कायदा आला, आणि गावांनाही लागू झाला. ही अक्कल कुणाला सुचली, देव जाणे! भिगवणच्या पहिल्याच चिठ्ठीत सारजाचं नाव निघालं.

मॅडमनी दाखला दोनदा वाचला आणि शिक्का मारला.

"नाव बाद."

तात्याबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चार दिवस त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"मग आता गावाचं कोण?"

"पुन्हा चिठ्ठी. नाहीतर कुणीतरी स्वखुशीनं. त्याला वयाची अट नाही. या माईकसमोर बोललं की यंत्र माणूस ओळखून नावासकट लिहून घेतं. एकदा लिहिलं की मलाही खोडता येत नाही."

"असलं येडं कोण असंल?" तात्याबा चक्क हसले. कागद पिशवीत कोंबत म्हणाले, "चल गं. सुटलो येकदाचं."

काम झालं होतं. आता बोलायला हरकत नव्हती. जिनं जीव वाचवला त्या पोरीला एक शब्द न बोलता निघायचं, हे सारजाला पटेना. ती टेबलावर वाकली, मॅडमच्या गालांवरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली.

"लई उपकार झालं, पोरी," ती म्हणाली. "येते गं."

मॅडमनी झटकन माईकवर हात दाबला. तोवर यंत्रातून कागद बाहेर सरकला होता.

'भिगवण. सारजा तात्याबा देवकाते. स्वखुशीनं येते.'