आत कोणी नाही

“आत कोणी नाही ना?” नीलमनं पुन्हा विचारलं.

“नाही हो मॅडम,” सुपरवायझर हरिश्चंद्र म्हणाला. “किती वेळा सांगू? दाबा तुम्ही बिनधास्त.”

नीलमचं बोट लॅपटॉपच्या एंटरवर होतं आणि दाबायची हिंमत होत नव्हती. लॅपटॉपमधून निघालेली करडी केबल प्रेसच्या पॅनेलमध्ये, कंट्रोलरच्या सीरियल पोर्टमध्ये जाऊन बसली होती. एवढ्या धिप्पाड प्रेसचा मेंदू म्हणजे तो वीतभर कंट्रोलर. सकाळपासून तो हटून बसला होता. पत्र्याला दाबून डब्याचा आकार देणारा वरचा साचा पुढच्या बंद झाकणाआड अर्ध्यावरच लटकला होता आणि भाईंदर पूर्वेचा तो अख्खा गाळा खोळंबला होता.

उपाय सोपा होता. जुना प्रोग्रॅम काढायचा, नवा भरायचा. पण भरताना कंट्रोलर थांबतो. तो थांबला की साचा धरून ठेवणारा व्हॉल्व्ह सुटतो आणि साचा खाली येतो, खाली काय आहे ते न बघता. आधाराला लावायचा लोखंडी ठोकळा कधीच भंगारात गेला होता. “साच्यावर साचा बसेल, अजून काय होणार?” असं हरिश्चंद्रनं सांगून टाकलं होतं.

एकटीनं दुरुस्तीला यायची नीलमची ही पहिलीच खेप. तिचा वरिष्ठ निकेत तिला म्हणाला होता, “आपण खुर्चीत बसून बटण दाबतो, म्हणून आपल्याला काही वाटत नाही. हात मात्र दुसऱ्याचा जातो.” ते वाक्य सकाळपासून तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

‘कंट्रोलर थांबेल. पुढे जायचं?’ पडद्यावरची चौकट विचारत होती.

चौकटीच्या मागे प्रेसचे सगळे सेन्सर हिरव्या ठिपक्यांनी दिसत होते. त्यातला एक ठिपका विझला. मग लागला. पुन्हा विझला.

तो प्रेसच्या मागच्या बाजूचा सेन्सर होता. त्याच्यासमोर काही आडवं आलं की ठिपका विझतो.

“मागे कोणीतरी आहे,” ती म्हणाली.

“कोण असणार?” हरिश्चंद्रनं दाराकडे हात केला. कारीगर दारात उकिडवे बसून गप्पा छाटत होते. “बघा, सगळी मंडळी तुमच्यासमोर आहे. उंदीर असेल, नाहीतर तुमच्या केबलचा लोचा असेल.”

“अरे, पीछे कोई है क्या?” नीलमनं कारीगरांना ओरडून विचारलं.

“कोई नहीं है मॅडम,” दारातून एकसुरात उत्तर आलं.

हरिश्चंद्र नावाला जागणारा माणूस होता. रत्नागिरीहून आल्यापासून याच गाळ्यात राबलेला. खोटं बोलून त्याला काही मिळणार नव्हतं. त्याच्या खिशातला मोबाइल मात्र सारखा वाजत होता. “सेठ आहेत,” तो म्हणाला. “काय सांगू त्यांना? मॅडम घाबरतात म्हणून?”

नीलमचे कान तापले. हा माणूस उद्या तिच्या ऑफिसला फोन करून सांगेल, पुढच्या वेळी एखाद्या मुलाला पाठवा. तिनं बोट पुन्हा एंटरवर टेकवलं. नव्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नाही म्हणून मध्ये लावलेला तो स्वस्तातला कनेक्टर खरंच बेभरवशाचा होता. सकाळपासून त्यानं कितीदा दगा दिला होता.

पण दगा दिला की पडदा सगळाच गोठायचा. केबल बिघडली तर कंट्रोलर बोलायचाच बंद होतो. बाकीचं सगळं खरं सांगून एकाच ठिपक्याबद्दल तो थापा मारत नाही.

ठिपका पुन्हा विझला. या वेळी विझलेलाच राहिला.

नीलमनं बोट उचललं, ‘नाही’वर टिचकी मारली आणि उठली. “मॅडम, मागे तेलाचा राडा आहे, कपडे खराब होतील,” हरिश्चंद्र मागून म्हणत राहिला. भिंत आणि प्रेस यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस आडवा शिरेल एवढी फट होती. ती शिरली. पायाखाली तेल चिकचिकत होतं. मोटरच्या घरघरीत तिला स्वतःचा श्वासही ऐकू येत नव्हता.

आधी दिसल्या हिरव्या बांगड्या. मग कोपरापर्यंतचा हात, मग डोक्यावरचा पदर. वरच्या साच्याच्या बरोबर खाली वाकून एक बाई खालचा साचा फडक्यानं पुसत होती. सकाळी हिनंच नीलमला स्टूल पुसून दिलं होतं. नीलमनं तेव्हा मान वर केली नव्हती.

“बाहेर या,” नीलम कशीबशी म्हणाली. “आधी बाहेर या.”

बाई सावकाश बाहेर आली. नीलम भिंतीला टेकली.

फटीतून हरिश्चंद्रचं डोकं डोकावलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं हसू होतं. “काय मॅडम, ही गोदूबाई आहे. मोरव्याहून येते. मशीन थांबलं की फडका मारायला आत जाते रोज. मला वाटलं, खरंच कोणी आहे की काय.”

नीलमला त्याच्याकडे बघवेना. ती गोदूबाईकडे वळली.

“मी एवढ्यांदा विचारलं, आत कोणी आहे का म्हणून. तुम्हाला ऐकू नाही आलं?”

“आयकलं ना,” गोदूबाई फडका पिळत म्हणाली. “पन तुमी मानसांचं इचारत व्हत्या.”