हुतूतूचा दम

"ठेवा ते बादली खाली!" सुलोचना ओरडली, तसं कडेवरचं पोर दचकून रडायला लागलं.

श्रावणने बादली विहिरीच्या काठावर ठेवली. "अर्धीच तं होती."

"अर्धी का न् पुरी का. डॉक्टरानं वजन उचलू नोको म्हटलं ना?"

शेजारचा प्रेमदास हसत पुढे आला. "सरक रे साहेब," म्हणत त्याने श्रावणच्या दोन्ही बादल्या उचलल्या आणि सुलोचनाच्या दारात नेऊन ठेवल्या. हल्ली त्यांच्या घरचं पाणी तोच भरत असे.

हंगामाच्या तोंडावर कापसाच्या जीनच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, मालकाने वर्ध्याहून डॉक्टर बोलावला होता. गेल्या साली रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसमध्ये एक मजूर भोवळ येऊन पडला होता. म्हणून यंदा पेटीत उतरणाऱ्या प्रत्येकाला एकेकटं ऑफिसात बोलावून छाती तपासायची ठरली. पेटीत वरून रुई पडत राहते आणि आतल्या गड्यांनी ती दिवसभर उड्या मारमारून तुडवायची. श्रावण तेच काम करायचा. तपासणीच्या दिवशी सकाळी त्याला चहासुद्धा गेला नाही. त्याचा बाप ऐन चाळिशीत छाती धरून गेला होता. त्या धास्तीने आईने श्रावणला लहानपणी कधी मैदानात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

"पेटीतून काढलं तं खाचं काय?" एवढंच बोलून तो घरातून निघाला होता.

आणि झालंही तसंच. ऑफिसातून निरोप आला, श्रावणचं हृदय कमजोर आहे, त्याला पेटीत उतरवू नका. मुकादम भला माणूस. त्याने श्रावणला फाटकावर बसवलं, कपाशीच्या गाड्या आत घ्यायला.

 वेळेवर कळलं, हेच सुलोचनाला मोठं वाटलं. तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून त्याला जपत होती. दुधावरची साय त्याच्या ताटात, लाकडं फोडणं बंद, उन्हात फिरणं बंद. महिन्याभरात श्रावणच्या अंगावर तेज चढलं. विश्रांतीचा गुण, ती सगळ्यांना सांगे. श्रावण मात्र पहिल्यापेक्षा अबोल झाला होता. हृदयाचं दुखणं म्हटल्यावर माणूस खचणारच, असं तिला वाटे.

पेटीतली श्रावणची जागा प्रेमदासला मिळाली, तीही सुलोचनाच्याच शब्दाने. प्रेमदास आधी गाड्यांवर हमाली करायचा, कधी काम असे, कधी नसे. त्याची बायको धुरपता जीनमध्येच कचरा वेचायला होती. सुलोचनाने स्वतः मुकादमाला गाठून गळ घातली.

"डॉक्टर तं येऊन गेला," मुकादम म्हणाला. मग त्याने प्रेमदासकडे पाहिलं आणि हसला. "पण याच्या छातीची काय परीक्षा घ्याची? हुतूतूचा गडी हाये हा."

ते खरंच होतं. लग्नाआधी प्रेमदासने आर्वीपर्यंतची मैदानं गाजवली होती. दीक्षेच्या वेळी नागपुरात सुलोचनाच्या सासूला त्याने खांद्यावर बसवून गर्दीतून नेलं होतं. लग्नानंतर खेळ सुटला, बिडी लागली, पण नाव कायम राहिलं.

एका दुपारी सुलोचना भाकरी घेऊन फाटकावर आली. प्रेमदास प्रेसमधून बाहेर आला आणि श्रावणशेजारी भुईवर बसला. भुवयासुद्धा रुईने पांढऱ्या झाल्या होत्या. डावा खांदा चोळत तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला.

"काय भाऊ, दमले?"

"मी? एका दमात चार गडी मारून आलतो मी, वहिनी. इचारा याले."

"तवा," श्रावण म्हणाला. "त्याले किती साल झाले?"

"तू गप रे फाटकावरचा साहेब!"

श्रावण हसला नाही. "प्रेमा, मुकादमाले म्हण, दुसरा गडी पाहा."

सुलोचना उसळली. "काऊन? त्याहिले काम भेटलं तं तुमच्या पोटात दुखून राह्यलं काय?"

"अन् कारण काय सांगू?" प्रेमदास हळूच म्हणाला. "सांगतं काय तू?"

श्रावणने मान खाली घातली.

"जाऊ दे ना. डॉक्टराचं यंत्रच बिघडलं असंन," प्रेमदास म्हणाला.

मित्राला धीर देण्याची त्याची ही रीत सुलोचनाला फार आवडली. तिने पोराला पुढे केलं. "याले हुतूतूत घालाचं हाये, भाऊ. तुमच्यासारखी छाती झाली पाह्यजे याची."

प्रेमदासने पोराचा गालगुच्चा घेतला. "घाला ना. पण मंग सोडू देऊ नोका."

पुढल्या बाजाराच्या दिवशी ती भाकरी घेऊन आली, तर प्रेस बंद होती. फाटकावर कोणी नव्हतं. अंगणात घोळका जमला होता.  पोराला छातीशी धरून ती लोकांना ढकलत आत घुसली.

श्रावण धडधाकट दिसला, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिला भुईवर पडलेला प्रेमदास दिसला. धुरपता त्याचे तळपाय घासत होती. श्रावण गुडघ्यांवर बसून त्याला हलवत होता, "प्रेमा, ऊठ ना रे, ऊठ!" आपल्या मनात आधी काय आलं, याची सुलोचनाला लाज वाटली.

मालकाच्या मोटारीतून डॉक्टर उतरले, तसा श्रावण उठला आणि घोळक्यात मागे मागे सरकत गेला.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या उघडून पाहिल्या. मग हातानेच त्या चेहऱ्यावरची रुई पुसली, आणि त्यांचा हात थबकला. ते मुकादमावर कडाडले.

"अरे, हा तर श्रावण! याला पेटीत उतरवू नका, असं मी स्वतः सांगून गेलो होतो ना?"