पांढरी चिंधी

रऊफचाचांनी लाँड्रीच्या काउंटरवर शर्ट ठेवणाऱ्या हाताकडे आधी पाहिलं, शर्टाकडे नंतर. नखं नीट कापलेली होती. पण कडांना पिवळसर रेघ होती. हळदीची असेल. नसेलही.

"उद्या सकाळी पायजे, चाचा. धुऊन, कडक इस्त्री."

"नाव?"

"भरत."

"काम काय करतोस?"

भरतची नजर चाचांच्या डोक्यावरच्या पाटीवर गेली. 'कंपनी कामगारांचे कपडे घेतले जाणार नाहीत.' अक्षर मोठं सुरेख होतं. चाचांच्या धाकट्या मुलाचं, उबेदचं. दोन वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कंपनीत काम करणाऱ्या कुणाच्या तरी बनियनचा पिवळा रंग रूपाली मॅडमच्या पांढऱ्या साडीला लागला, तेव्हापासून पाटी होती. तो रंग घामातून येतो आणि साबणाला दाद देत नाही, हे चाचांना त्या दिवशी कळलं. मॅडमनी पुढं वर्षभर दुकानाची पायरी चढली नव्हती, आणि त्यांच्या शाळेतल्या इतर बायकांनीही.

"पोलादपूरला हाय. हार्डवेअरच्या दुकानात," भरत म्हणाला.

"कुठल्या?"

"ते... स्टँडजवळच्या."

चाचांना जरा बरं वाटलं. खोट्याचं टोक हाती लागलं की त्यांना नेहमीच बरं वाटे.

"मग आमच्या उबेदला ओळखत असशील. आठ महिने तिथंच कामाला आहे तो."

भरतचा चेहरा उतरला. त्याने चाचांकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं. मग त्याचा हात झटकन शर्टावर आला.

"ऱ्हाऊ द्या, चाचा. मी घरीच धुतो."

"का रे? आता काय झालं?"

"नाय, म्हंजे... तुमाला उगाच तरास."

"धुणं हाच माझा धंदा आहे. त्रास कसला?" चाचांनी शर्टाचं दुसरं टोक धरून ठेवलं.

"चाचा, सोडा वो. फाटंल. माझा नाय तो, दोस्ताचा हाय. उद्या मुलगी बघायला जायाचंय, शिवथरला. माझे सगळे डागलेले."

"हार्डवेअरच्या दुकानात डागले? कशाने? खिळ्यांनी?"

भरतने नखं मुठीत लपवली.

"मुलीकडच्यांनाही खिळेच सांगितलेस वाटतं."

"मग काय सांगू?" भरतचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "कंपनी म्हटलं का लोक शेजारी बसू देत नाय. पोरगी कोन देनार?"

 चाचांनी खणातली पांढरी चिंधी काढली, सोड्याच्या पाण्यात बुडवली, पिळली आणि शर्टाच्या कॉलरवर अंगठ्याने दाबून धरली. वरून शर्ट पांढरा स्वच्छ दिसत होता. तसे सगळेच दिसतात. मनात वीस आकडे मोजून त्यांनी चिंधी उचलली.

फिकट, पण पिवळी.

"हे बघ," त्यांनी चिंधी भरतच्या नाकासमोर धरली. "तूही कंपनीतला आणि तुझा दोस्तही कंपनीतला. मला शिकवतोस? तीस वर्षं लोकांच्या कॉलरी बघतोय मी."

"व्हय, चाचा. चुकलं माझं. द्या तो इकडं."

भरत इतक्या लवकर कबूल झाला, हेच चाचांना खटकलं. भांडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर त्यांनी शर्ट त्याच्या अंगावर फेकला असता. हा मात्र नुसता शर्टाकडे बघत होता. चोरीचा तर नसेल? कुठल्या लाँड्रीची खूण आहे ते तरी पाहावं, म्हणून त्यांनी कॉलर उलटी केली.

बिब्ब्याचे तीन ठिपके.

गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर चाचा आकडा घालत. तीन ठिपके फक्त घरच्या कपड्यांना.

रस्त्यावरून पाळीच्या कामगारांची बस गेली. काउंटरची काच थरथरली. हल्ली उबेद आपले कपडे घरी धुवायला टाकत नसे. स्वतःच कुठंतरी धुऊन आणी. पोरगा जबाबदार झाला, असं चाचा मशिदीबाहेर चार लोकांत सांगत असत.

"चाचा, म्या तुमाला वळखलं नव्हतं," भरत हळूच म्हणाला. "तो म्हनालेला, घरीच धू. पन डाग जाईना."

चाचांनी कॉलर पुन्हा सरळ केली. बराच वेळ करत राहिले.

"किती वाजता निघणार उद्या?"

"नवाला."

"आठला ये."

"आनि ती पाटी?"

"आठला ये म्हटलं ना!"

भरत गेला. चाचांनी मागच्या फळीखालून एक जुनी बादली ओढली, शर्ट तिच्यात बुडवला आणि सोडा टाकला. पाण्याला रंग चढू लागला.

"चाचा, आहात ना?" रूपाली मॅडम पायरीवर होत्या. त्यांनी साड्यांची पिशवी काउंटरवर ठेवली आणि रस्त्याकडे मान वळवली. "आता गेला तो मुलगा कंपनीतला ना? बसस्टॉपवर दिसतो मला. त्याचे कपडे घेतलेत की काय?"

"नाही, मॅडम."

"मग ते बादलीतलं?"

"घरचं आहे."

मॅडमनी मान हलवली. मग त्यांना दुकानातला मोठा हौद दिसला, कपड्यांनी भरलेला. कोपऱ्यातली वेगळी बादली दिसली. चाचांच्या हातात राहून गेलेली पिवळी पडलेली चिंधी दिसली.

 पिशवीचे बंद धरून मॅडमनी ती हळूच आपल्याकडे ओढून घेतली.