भिंतीकडची फट

तळ्याकाठच्या रस्त्यावर तीन नवे स्पीडब्रेकर पडले होते, आणि भिंगरी अशी तोऱ्यात चालली होती जणू तिनंच ते लाटण्यानं लाटलेत.

"आता येऊ देत म्हणावं त्या सायकलवाल्यांना! अर्जावर त्रेपन्न सह्या, मावशी. त्रेपन्न! एका काकांना तर झोपेतून उठवून सही घेतली."

"बिचारे. त्यांना वाटलं असेल कुरियर आलंय," मावशी म्हणाली.

मावशीची पांढरी काठी भिंतीला टेकत, भिंत सोडत पुढं सरकत होती. नऊला तिला दवाखान्याच्या टेलिफोनवर बसायचं होतं. घर ते दवाखाना, रोज, एकटी. आज भिंगरी हौसेनं बरोबर आली होती, एवढंच. गेल्या महिन्यात एका सायकलनं मावशीची काठी मोडली, तेव्हा भिंगरीच्या आईनं ठणकावलं होतं, "ताई, आणखी एकदा असं झालं की तुझं एकटीनं जाणं बंद. हात धरून नेऊ, हात धरून आणू."

"म्हणजे मी काय भाजीची पिशवी?" मावशीनं विचारलं होतं. आई हसली नव्हती.

मागून घंटी वाजली. हेल्मेटवाला एकजण सुसाट येत होता. भिंगरी कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. आता मंदावेल! आता दोन्ही ब्रेक दाबेल!

तो मंदावला नाही. स्पीडब्रेकर आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट होती. त्यानं हँडल वळवलं आणि त्या फटीतून सूं करून निघाला. मावशीची काठी तिथंच होती. ती उडून पार तळ्याच्या कठड्यापाशी पडली.

त्याच्यामागून दुसरा आला. मग दोन कॉलेजची पोरं. सगळे त्याच फटीतून, मुंग्यांनी रांग धरावी तसे. पूर्वी हे लोक रस्ताभर पांगलेले असायचे. आता एकजात भिंतीला चिकटून येत होते. मावशी पाठ भिंतीला टेकवून, श्वास धरून उभी होती.

भिंगरीनं काठी आणून तिच्या हातात दिली. तोरा कुठल्या कुठं गेला होता.

"भिंतीकडं फट ठेवलीय का गं?" मावशीनं विचारलं.

"हो."

"मी भिंतीकडूनच चालते. भिंत लागली की मला रस्ता कळतो. त्रेपन्न जणांना विचारलंस, मला एकदा विचारायचंस."

भिंगरीचे कान तापले. ती तडक तिसऱ्या स्पीडब्रेकरकडं धावली. तिथं दोन माणसं हातरोलर फिरवत होती. डांबर चिकटू नये म्हणून तिसरा रोलरवर बादलीतलं पाणी शिंपडत होता, आणि मुकादम कडेला उभा राहून चहा पीत होता.

"काका, ती फट बुजवा."

"पाणी जायला ठेवलीय, बाळ. बुजवली तर पावसात तळं होईल इथं."

"तळं आहेच तिकडं! इकडं माझी मावशी आहे!"

"नकाशात आहे तसं केलंय. साहेबांची सही आहे."

"सह्या माझ्याकडंपण आहेत. त्रेपन्न!"

रोलरवाले फिदीफिदी हसले. मुकादमानं चहाचा घोट घेतला. "शाळेत जा, बाळ. उशीर होईल."

"आज नाही जात. ही फट बुजेपर्यंत मी फटीत उभी राहते. मला उडवून जाऊ देत."

"आणि मी तुझ्यावर आपटू?" मावशी एव्हाना काठी टेकत तिथवर येऊन पोचली होती. "मुकादम, पाणी कुठं जातं म्हणालात?"

"भिंतीकडं, बाई. उतार तिकडं आहे."

"उतार तळ्याकडं आहे."

मुकादम सौम्यपणे हसला, आंधळ्या माणसाशी बोलताना लोक हसतात तसा. "बाई, तुम्हाला कसं दिसणार ते?"

"दिसत नाहीच. अकरा वर्षं दोन वेळा चालतेय इथून. सकाळी माझा डावा पाय जरा खाली पडतो, संध्याकाळी उजवा. पावसाळ्यात तळ्याकडचा बूट भिजतो, भिंतीकडचा नाही. पायाला कळतं हो, त्याला नकाशा लागत नाही."

"अहो, इंजिनिअरनं मोजलंय सगळं."

"भिंगरी, तुझ्या काकांकडं बादली आहे का?"

मुकादम "अगं ए" म्हणेपर्यंत भिंगरीनं बादली उचलली होती. पाणी शिंपडणारा तिला अडवायचं विसरला. तीच बादली घेऊन ती पहिल्या स्पीडब्रेकरपाशी धावत गेली, आणि मुकादम कप हातात घेऊन तिच्यामागं. रस्त्याच्या ऐन मधोमध तिनं सगळं पाणी ओतलं.

पाणी क्षणभर जागीच थबकलं. मग एक जीभ निघाली, दुसरी निघाली, आणि सगळं पाणी वळून तळ्याच्या बाजूला धावलं. तिथं स्पीडब्रेकर कठड्यापर्यंत सलग होता. पाणी त्याला टेकून साचत गेलं. भिंगरीला ओरडावंसं वाटलं. तिनं ओठ दाबून धरले.

मुकादमानं खिशातून नकाशा काढला. पाहिला. मग हळूच कागद उलटा फिरवून पुन्हा पाहिला.

"गेलं का भिंतीकडं?" मागोमाग काठी टेकत आलेल्या मावशीनं विचारलं.

मुकादम नकाशाची घडी घालू लागला.

मावशीनं काठी काखेत मारली. एका हातानं भिंत चाचपत ती खाली बसली, दुसरा हात फटीत घालून इकडून तिकडं फिरवला, आणि मग उठून, आवाजाच्या अंदाजानं बरोबर मुकादमाच्या नाकासमोर, तो कोरडा तळहात उघडून धरला.