एकशेबारा नंबरच्या तक्रारी

"ह्या आजोबांना यादीतून काढा," साहेब म्हणाले. "आणि त्यांना दिलेला कॉम्प्युटर आजच परत घेऊन या."

तिने आजोबांचा पत्ता लिहून घेतला. कंपनीची नवी ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात यायला अकरा दिवस उरले होते. त्याआधी दीडशे साध्यासुध्या माणसांना ती महिनाभर वापरायला दिली होती, आणि त्यांचे अभिप्राय वाचायचं काम तिच्याकडे होतं. बहुतेकांनी तोंड भरून कौतुक केलं होतं. रंग इतके शांत आहेत की डोळे चोळावे लागत नाहीत, असं एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं. एका मास्तरांना सगळं हाताशी सापडत होतं. आणि एकशेबारा नंबरच्या आजोबांनी एकट्याने त्रेचाळीस तक्रारी पाठवल्या होत्या.

'दोनदा दाबलं. फाइल उघडली नाही. नाव बदलायचंय का, असं विचारत बसली.'

'फाइल उचलून फोल्डरमध्ये नेत होतो. वाटेतच सांडली. कुठे पडली, अजून सापडत नाही.'

'बंद करायचं बटण मुंगीएवढं. दर वेळी शेजारचंच दाबलं जातं.'

ऑफिसात प्रत्येक तक्रारीतली गोष्ट करून बघितली होती. एकदाही काही अडलं नव्हतं. 'फाइल सांडली' हा तर जेवणाच्या सुट्टीतला विनोदच झाला होता. कुणाच्या हातून पाणी सांडलं तरी सगळे ओरडायचे, "एकशेबाराला कळवा!" तीही हसली होती.

आजोबांच्या घराचं दार त्यांच्या बायकोने, काकूंनी, उघडलं. "आलात? बरं झालं बाई. त्या डबड्यापायी ह्यांना जेवणाखाणाची शुद्ध राहिली नाही."

आतल्या खोलीत भिंतभर नकाशे लावलेले होते. सगळे हाताने काढलेले. नद्यांच्या रेघा केसासारख्या बारीक, अक्षरं छापल्यासारखी. आजोबांनी चाळीस वर्षं नकाशे काढण्यात घालवली होती, हे तिला तेव्हा कळलं. ते खुर्चीत ताठ बसले होते. उजवा हात मांडीवर, आणि त्याच्यावर डावा घट्ट दाबून धरलेला.

तिने येताना चार गोड वाक्यं जुळवून आणली होती. ती तशीच राहिली. "काका," ती म्हणाली, "एकदा मला करून दाखवता का?"

त्यांनी डावा हात बाजूला घेतला. उजवा थरथरायला लागला. तो तसाच त्यांनी माउसवर ठेवला, आणि पडद्यावरचा बाण जाळ्यात सापडलेल्या पाखरासारखा फडफडला. दोनतीन प्रयत्नांत त्यांनी फाइल पकडली, दातओठ खाऊन ओढत नेली. मध्येच बोट उचललं गेलं आणि फाइल कुठल्या तरी तिसऱ्याच फोल्डरात गेली. सांडली. त्याला दुसरा शब्दच नव्हता.

"बघितलंत?" काकूंनी पडद्याकडे बोट दाखवलं. "कसं थयथय नाचतंय ते तुमचं! मशीनमध्येच खोट आहे ना?"

काकू हाताकडे बघतच नव्हत्या.

"हो काकू," ती म्हणाली. "खोट आमच्यातच आहे."

कॉम्प्युटर न घेताच ती निघाली. काका तिला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि त्यांनी मागे दार ओढून घेतलं.

"आमचं मन राखायला बोललात ना?"

तिने मान खाली घातली.

"हाताचं दीड वर्षापूर्वीच कळलंय. वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हिलाही सगळं माहीत आहे. फक्त परक्या माणसासमोर ती त्याच्याकडे बघत नाही."

"मग अभिप्रायात एकदा तरी लिहायचंत, काका. आम्ही तिकडे..."

"तुमच्या फॉर्ममध्ये विचारलं होतं, सिस्टीम वापरताना काय अडतं. हाताला काय झालंय, हे कुणी विचारलंच नव्हतं."

ऑफिसात परत आल्यावर तिने आधी फोन हातात घेतला. ज्यांचा एकही अभिप्राय आला नव्हता, अशा नऊ जणांना तिने फोन लावले. चौघांनी कॉम्प्युटर पहिल्याच आठवड्यात बंद करून ठेवला होता. एका आजींना संधिवात होता. एका सुताराची दोन बोटं करवतीत गेली होती. "आमचाच हात जड, ताई," तो म्हणाला, "त्यात तुमचा काय दोष? म्हणून काही लिहिलं नाही."

सिस्टीम तीन आठवडे उशिरा बाजारात आली. दोनदा दाबताना मध्ये कितीही वेळ गेला तरी ती आता वाट बघत होती. बटणं मोठी करता येत होती. धरलेली फाइल सोडायला सांगितल्याशिवाय सुटत नव्हती. पण फोन केले त्या संध्याकाळी ह्यातलं काही होईल असं वाटत नव्हतं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वाईट वाटलं ऐकून," ते शेवटी म्हणाले. "पण मग बिघाड त्यांच्या हातात आहे ना? आपल्या सिस्टीममध्ये तर नाही."

"काकाही हेच म्हणाले, साहेब. मी दोन पायऱ्या उतरले होते, तेव्हा वरून म्हणाले, 'बिघाड माझ्याच हातात आहे हो. पण माझा हात बाजारात येऊन सत्तर वर्षं झाली, तो आता काही सुधारायचा नाही. तुमची सिस्टीम अजून बाजारात यायची आहे.'"