बिनतेलाचा दिवाळसण

“एक किलो तेल, आई. अंधार पडल्यावर आणलं तर कुणाला कळतंय?” शुभानं पुन्हा विचारलं.

“मला कळेल ना,” वनमाला म्हणाली आणि नारळ फोडायला बसली.

शुभाचं लग्न वैशाखात झालं होतं. हा पहिला दिवाळसण. दसऱ्याला माहेरपणाला आलेली शुभा अजून वाकोल्यातच होती. आता जावई येणार होता आणि त्याच्याबरोबर त्याची आई, घाटकोपरच्या सुगंधाबाई. बाई भारी कडक. लग्नात आमटी निवली म्हणून त्यांनी वाढप्याला भर पंगतीतून परत पाठवलं होतं. अशा विहिणीपुढे फराळाचं ताट ठेवायचं आणि त्यात ना चकली, ना शेव, ना कडबोळी. “सासरी मला काय तोंड राहील?” असं शुभा म्हणत होती, ते काही उगीच नव्हतं.

पण चाळीत शेंगदाण्याचं तेल आणायचं नाही, अशी शपथ होती. आणि ती सगळ्यांना घालणारी वनमालाच होती.

सत्त्याऐंशीचं साल. सौराष्ट्रात पाऊस रुसला तो रुसलाच. भुईमूग शेतातच करपला. पेपरात तशी बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी वाकोल्यात तेल चढलं. मग चढतच राहिलं. मागोमाग वनस्पती तूपही चढलं. रेशनचं पामतेल नुसत्या फोडणीलाही पुरेना. बायका कुरकुरल्या आणि गप्प बसल्या. वनमाला कसली गप्प बसते! कोपऱ्यावरच्या चंद्रप्रकाश शेठच्या दुकानात भर गर्दीत तिनं विचारलं, “शेठ, हे डबे कधीचे?”

“जुना माल आहे वहिनी. एकदम असली.”

“म्हणजे गेल्या वर्षीच्या शेंगांचं तेल. मग ते यंदाच्या पावसावर कसं महागलं?”

दुकानातले सगळे शेठकडे बघू लागले. शेठ तसा भला माणूस. खरं ते बोलला, “मी काय करू? नवीन पीक नाय म्हटल्यावर मोठे व्यापारी माल दाबून बसलेत. पुढे अजून भाव येईल म्हणतात.”

“बसू देत. आम्ही पण बसतो.”

त्याच संध्याकाळी नळावर बायकांनी शपथ घेतली. भाव उतरेपर्यंत दुकानातल्या खायच्या तेलाचा थेंब घरात आणायचा नाही. वनस्पती तूप नाही, दिवाळी आली तरी नाही. मग कुणी भाज्या उकडल्या, कुणी नुसत्या चटणीवर भागवलं. आता एवढ्यानं काही बाजार हलला नाही. वाकोल्याच्या एका चाळीला विचारतो कोण? पण शेठच्या दुकानातले डबे मात्र धूळ खात पडले आणि ते बघायला बायका मुद्दाम वाट वाकडी करून जायच्या.

वसुबारसेला शेजारची द्रौपदी आली. हातात पिशवी. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसली.

“ताकाला येऊन भांडं लपवू नकोस गं,” वनमाला म्हणाली. “काय ते बोल.”

द्रौपदीनं पिशवीतून खरोखरच रिकामी बरणी काढली. “सगळ्यांनी ठरवलंय. तुझ्यापुरती सूट. पहिला जावई आहे, मान नको का ठेवायला? तू दुकानात पण जाऊ नको, मी आणते.”

वनमालाचे डोळे भरून आले. अशा शेजारणी मिळायला नशीब लागतं. पण बरणी तिनं परत द्रौपदीच्या हातात दिली. “आज मला सूट, उद्या तुला. मग शपथ पाळायची कुणी?”

द्रौपदी गेली. शुभा तोंड फिरवून बसली. वनमालाचा नवरा राजाराम अंधेरीच्या कारखान्यातून आला, त्यानं हे ऐकलं आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. “आमच्या गावाक दिवाळी म्हंजे फोव आणि शिरवाळे. चकली खंय होती?” असं म्हणून तो शिरवाळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा, लाकडी साचा शोधायला माळ्यावर चढला.

दिवाळीच्या पहिल्या पहाटे जावयाला खोबरेल चोळून आंघोळ घातली. तेवढ्या तेलाला बंदी नव्हती! मग पानं मांडली. गुळाचे पोहे, दह्यातले पोहे, आणि वाफाळत्या शिरवाळ्यांवर नारळाचा गोड रस.  वनमालानं ताठ उभं राहून सांगून टाकलं, “विहीणबाई, ताटात तळलेलं काही नाही. चाळीची शपथ आहे, आणि ती मी घातलीय.”

सुगंधाबाई खाली बघून जेवत राहिल्या. शिरवाळे संपले तशी त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली. शुभाला ते बघवेना. सासूबाईंनी घाटकोपरहून फराळाचा मोठा डबा आणला होता. चार चकल्या पानात पडल्या तर आईची लाज राखली जाईल, असं वाटून तिनं डब्याला हात घातला.

“राहू दे,” सुगंधाबाई एकदम म्हणाल्या. त्यांनी डबा ओढून आपल्यामागे ठेवला. मग वनमालाकडे बघितलं. “तुमच्या चाळीची गोष्ट घाटकोपरला आली होती. शुभा इकडे आल्यावर आमच्या बायकांनी पण शपथ घेतली. तुमचंच बघून. परवापर्यंत पाळली सगळ्यांनी. परवा मोडली.”

“कुणी मोडली?” वनमालानं विचारलं.

“जिला सुनेच्या माहेरी मान खाली घालायची नव्हती ना, तिनं.”